लॅटिनो विवाहसोहळ्यातील परंपरा : आर्रास, लासो आणि पाद्रिनोस

लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश व पोर्तुगीज भाषिक लोकांना आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या त्यांच्या वंशजांना 'लॅटिनो' असे संबोधले जाते. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्यासमवेत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करणारे संत फेलिपे दे हेसूस हे मेक्सिकोचे होते. म्हणूनच हा समाज आपणांस सर्वस्वी परका नाही. लॅटिनो, विशेषतः मेक्सिकन वंशाच्या, कॅथलिक कुटुंबांत आजही जपल्या जाणाऱ्या विवाहपरंपरांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

आर्रास : 'आर्रास' म्हणजे तेरा नाणी. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ 'इसार', म्हणजेच दिलेल्या वचनाची खूण, असा आहे. ही प्रथा स्पेनमधून मेक्सिकोत आणि फिलिपाइन्समध्ये पोहोचली. तेरा नाणी म्हणजे प्रभू येशू व त्याचे बारा प्रेषित, असा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. वर्षाचे बारा महिने व तेरावे नाणे गोरगरिबांसाठी, असाही अर्थ काही ठिकाणी लावतात. पूर्वी वर ही नाणी वधूच्या ओंजळीत घालीत असे. आता अनेक ठिकाणी वधूही ती वराच्या हाती परत देते. संसाराची मिळकत व जबाबदारी दोघांची, हा त्यामागील भाव होय.

लासो : 'लासो' म्हणजे फास किंवा गुंफण. रेशमी दोरी, फुलांची माळ अथवा दोन वेढ्यांची व एकच क्रूस असलेली जपमाळ इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे गुडघे टेकलेल्या वधूवरांच्या खांद्यांवर ठेवली जाते. वधूवरांना एका बंधनात गुंफण्याची ही कल्पना फार जुनी आहे. सातव्या शतकात सेव्हिलचे संत इसिदोर यांनी पांढऱ्या व जांभळ्या रंगाच्या एकाच पट्टीने दांपत्याला जोडण्याच्या प्रथेचा उल्लेख केला आहे.

पाद्रिनोस : लासो घालणे, आर्रास आणून देणे अशा प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र 'पाद्रिनोस' निवडले जातात. ते बहुधा विवाहित दांपत्य असते. पुष्कळदा अंगठ्या, केक किंवा वाद्यवृंद यांचा खर्चही तेच उचलतात. विवाहानंतर नवदांपत्याला सल्ला व आधार देणे, हे त्यांचे खरे कर्तव्य मानले जाते.

मिस्सेच्या शेवटी अनेक वधू पवित्र मरियेच्या, बहुधा ग्वादालुपे मातेच्या, प्रतिमेपुढे पुष्पगुच्छ अर्पण करतात. त्यानंतरच्या मेजवानीत मारियाची संगीताला मानाचे स्थान असते. युनेस्कोने २०११ साली या संगीताचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

ख्रिस्तसभेची भूमिका : विवाहविधीतील स्तुत्य स्थानिक चालीरीती जपाव्यात, असे त्रेंत धर्मपरिषदेने १५६३ साली सांगितले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात त्याचा पुनरुच्चार केला. त्यास अनुसरून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१६ साली लागू झालेल्या इंग्रजी विवाहविधीत आर्रास व लासो यांच्या आशीर्वादाचा ऐच्छिक समावेश झाला. आर्रासचा विधी अंगठ्यांनंतर होतो, तर लासो प्रभूच्या प्रार्थनेनंतर, वधूवरांना दिल्या जाणाऱ्या विशेष आशीर्वादापूर्वी घालता येतो. तथापि विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या परस्परसंमतीने. नाणी वा माळ नसली तरी संस्कारात काहीही उणे राहत नाही.

खर्चाचा प्रश्न : मेक्सिकोत १८५९ च्या कायद्याने नागरी विवाह स्वतंत्र झाला. त्यामुळे तेथील कॅथलिक दांपत्याला सरकारी नोंदणी व चर्चमधील विवाह असे दोन्ही विधी करावे लागतात. मोठ्या मेजवानीची ऐपत नाही, या संकोचापायी चर्चमधील विवाह लांबणीवर टाकणारी जोडपीही असतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतीत्सिया' या २०१६ च्या प्रबोधनपत्रात याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. थाटामाटाच्या ओझ्याने वधूवर दमून जातात, आणि काही जोडपी तर खर्चाच्या धास्तीने विवाहच करीत नाहीत, अशी खंत त्यांनी व्यक्त केली आहे.

हा प्रश्न केवळ लॅटिनो समाजाचा नाही. आपल्याकडील ईस्ट इंडियन कुटुंबांतही वाजतगाजत उंबराचे पाणी आणले जाते. अशा रूढी जपताना त्यांचा अर्थ वधूवरांना ठाऊक आहे काय, आणि त्यांच्या खर्चाचा भार कुणाला संस्कारापासून दूर तर ठेवीत नाही ना, हे दोन प्रश्न विवाहपूर्व तयारीच्या वेळीच विचारले जावेत, असे आम्हांस वाटते. तेरा नाण्यांसाठी सोन्याची गरज नसते. साधी नाणीही पुरेशी होतात.