आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी : समज, गैरसमज आणि मर्यादा

औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, एकदाच घ्यायची आणि कोणाला न सांगता घेता येणारी गोळी अशी आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीची ओळख शहरी भागात रुजली आहे. भारतात ही गोळी 2005 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येते. 2007 मध्ये ‘आय-पिल’ बाजारात आली आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले. नाव पोहोचले, पण माहिती त्या प्रमाणात पोहोचली नाही. त्यामुळे एकीकडे ‘ही गर्भपाताची गोळी’ म्हणून तिची धास्ती बाळगली जाते, तर दुसरीकडे नेहमीचे साधन म्हणून ती महिन्यातून तीन-चारदाही घेतली जाते. या दोन्ही गोष्टी स्त्रीच्या आरोग्याच्या दृष्टीने हिताच्या नाहीत.

गोळी काम कशी करते?

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक 1.5 मिलिग्रॅम एवढ्या मात्रेत असते. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया ते लांबणीवर टाकते. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्या काळात स्त्रीबीज उपलब्धच झाले नाही, तर गर्भधारणा टळते. मात्र स्त्रीबीज आधीच बाहेर पडले असेल, तर गोळीचा उपयोग होत नाही. म्हणूनच ती जितक्या लवकर घ्यावी तितकी परिणामकारक ठरते. संबंधानंतर 72 तासांची मुदत सांगितली जाते. पण याचा अर्थ तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावे असा नव्हे.

ही गोळी गर्भपात घडवून आणत नाही. गर्भ राहिला असल्यास तिचा त्यावर परिणाम होत नाही आणि अनवधानाने घेतली गेल्यास गर्भाला अपाय होत असल्याचेही आढळलेले नाही. गर्भपाताची औषधे पूर्णपणे वेगळी असतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. दुकानातून परस्पर आणून ती घेतल्यास अतिरक्तस्राव होण्याचा किंवा गर्भपात अपुरा राहण्याचा धोका असतो.

घेतल्यानंतर काय?

मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तन दुखरे होणे, मधेच थोडे रक्त जाणे असे त्रास काही जणींना होतात आणि ते बहुधा एक-दोन दिवसांत थांबतात. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाल्यास पुन्हा मात्रा घ्यावी लागते. पुढची पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते. अपेक्षित तारखेनंतर आठवडा उलटूनही पाळी न आल्यास गर्भचाचणी करून घ्यावी. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना होत असतील, चक्कर येत असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी एक तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील काही औषधे यांमुळे गोळीचा प्रभाव कमी होतो. वजन खूप जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही ती कमी परिणामकारक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांशी बोलून निर्णय घेणे श्रेयस्कर.

नेहमीचा उपाय का नव्हे?

ही गोळी आधी घडलेल्या संबंधापुरतीच असते. त्याच पाळीचक्रात पुन्हा असुरक्षित संबंध आल्यास ती संरक्षण देत नाही. लांबणीवर पडलेले स्त्रीबीज नंतर बाहेर पडते, त्यामुळे उलट तेच दिवस जोखमीचे ठरू शकतात. वारंवार घेतल्याने वंध्यत्व येते, ही भीती निराधार आहे. परंतु पाळीचे वेळापत्रक मात्र बिघडते, आणि गर्भनिरोधनाचा दर्जा नियमित साधनांपेक्षा कमीच राहतो. शिवाय एचआयव्ही व अन्य लैंगिक आजारांपासून ती कोणतेही संरक्षण देत नाही. ते काम केवळ निरोधच करू शकतो.

पर्याय कोणते?

आपत्कालीन उपायांत सर्वाधिक खात्रीचा उपाय गोळी नसून तांबी आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवून घेतल्यास गर्भधारणा टळण्याची शक्यता 99 टक्क्यांहून अधिक असते. ‘कॉपर-टी 380 ए’ ही तांबी पुढे दहा वर्षे काम करते आणि काढून टाकल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते.

सरकारी दवाखान्यांत ‘माला-एन’ या रोजच्या गोळ्या मोफत मिळतात. 2017 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असलेल्या स्त्रियांनी मात्र इस्ट्रोजेनयुक्त रोजच्या गोळ्या टाळाव्यात. साधन कोणते घ्यायचे हे वय, आजार, स्तनपान आणि पुढील अपत्याचा विचार यांवरून ठरते.

जबाबदारी कोणाची?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण मात्र अवघे 0.3 टक्के होते. पुरुषांची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असूनही हे चित्र आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, त्याला शतक उलटले. तरीही गर्भनिरोधनाचा भार स्त्रीवरच आहे.

साधन अयशस्वी ठरल्यास कायद्याचा आधार आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर, 20 आठवड्यांपर्यंत, साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही देता येते. आपत्कालीन गोळी ही अडचणीच्या वेळेची सोय आहे. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागत असेल, तर दुकानाकडे नव्हे, तर जोडीदारासह स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली आहे, असे समजावे.