मेनोनाइट चर्चमधील आधुनिक व परंपरानिष्ठ प्रवाह : धमतरी, चांपा आणि डहाणू येथील अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे अध्ययन आपल्याकडे बहुधा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन नावांपाशीच थांबते. सोलापूर जिल्ह्यातील अभ्यासकांना अमेरिकन मराठी मिशनचे शैक्षणिक कार्य परिचित आहे. परंतु प्रोटेस्टंट सुधारणेच्या काळातच तिच्याही पुढे गेलेला आणि त्यामुळे दोन्ही बाजूंकडून छळला गेलेला मेनोनाइट संप्रदाय मराठीत फारसा चर्चिला गेलेला नाही. या संप्रदायातील आधुनिक व परंपरानिष्ठ मंडळ्यांमधील भेद वेशभूषा, घोडागाडी, वीज अशा बाह्य खुणांवरून सांगण्याची पद्धत आहे. हा भेद मुळात वस्तूंचा नसून निर्णयाच्या अधिकाराचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. समाज आणि जग यांमधील सीमा कोणी ठरवावयाची, संपूर्ण मंडळीने की प्रत्येकाच्या सदसद्विवेकाने, हा तो प्रश्न होय. त्याचे पडसाद आपल्या भूमीतही उमटले आहेत.

उगम व मूलभूत भूमिका :

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिक येथे कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ, जॉर्ज ब्लाउरॉक आदींनी प्रौढपणी, स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. अर्भकाला बाप्तिस्मा देणे म्हणजे त्याच वेळी त्याची गणना राज्याच्या प्रजेतही करणे, अशी तत्कालीन व्यवस्था होती. ती नाकारणे हा धर्मद्रोह होता तसाच राजद्रोहही होता. जानेवारी १५२७ मध्ये मान्झ यास लिमाट नदीत बुडवून देहदंड देण्यात आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मायकेल सॅटलर यांच्या पुढाकाराने श्लाइटहाइम येथे सात कलमांचा जाहीरनामा संमत झाला. प्रौढ बाप्तिस्मा, बहिष्कार, प्रभुभोजन, जगापासून पृथकता, पाळकाची निवड, शस्त्रत्याग आणि शपथेस नकार ही ती सात कलमे होत. १५३६ मध्ये कॅथलिक धर्मगुरुपद सोडून आलेल्या मेनो सायमन्स या डच नेत्याच्या नावावरून या पंथास मेनोनाइट हे नाव मिळाले.

या सात कलमांतच पुढील संघर्षाचे बीज आहे. प्रौढ बाप्तिस्मा हा व्यक्तीच्या स्वतंत्र निर्णयाचा पुरस्कार करतो. बहिष्कार आणि पृथकता ही तत्त्वे त्याच व्यक्तीला समूहाच्या शिस्तीत बांधतात. या दोन टोकांमधील ताण हाच मेनोनाइट इतिहासाचा गाभा आहे. १६९३ मध्ये जेकब अम्मान यांनी बहिष्काराच्या कडक अंमलबजावणीचा आग्रह धरला आणि त्यातून आमिश हा स्वतंत्र पंथ निघाला.

अमेरिकेतील विभाजन :

१६८३ पासून पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे आणि १८७० च्या दशकात रशियातून कॅन्ससव मॅनिटोबा येथे मेनोनाइटांची स्थलांतरे झाली. नव्या देशात छळ उरला नाही. त्यामुळे पृथकता टिकविण्याचे कार्य आता मंडळीलाच करावे लागले. १८७२ ते १९०१ या काळात इंडियाना, ऑन्टारिओ, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया येथे क्रमाने फूट पडून ओल्ड ऑर्डर मंडळ्या वेगळ्या झाल्या. वादाचे विषय संडे स्कूल, पुनरुज्जीवन सभा आणि इंग्रजीतील प्रवचन हे होते. या गोष्टींमुळे धर्मशिक्षण कुटुंबाच्या व मंडळीच्या हातून निसटून बाहेरच्या संस्थांकडे जाईल, अशी परंपरानिष्ठांची धास्ती होती.

आजच्या स्थितीत स्थूलमानाने तीन स्तर दिसतात. पहिला ओल्ड ऑर्डर मंडळ्यांचा. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियातील ग्रोफडेल परिषदेचे सभासद घोडागाडी वापरतात. शेतात ट्रॅक्टर चालतो, परंतु त्याची चाके पोलादी असावी लागतात, जेणेकरून तो रस्त्यावरील वाहन म्हणून वापरला जाऊ नये. याउलट वीव्हरलँड परिषदेने मोटार स्वीकारली, परंतु तिचा रंग काळा असावा असे ठरविले. येथे यंत्राचा निषेध नाही. यंत्राने समाजाची वीण उसवू नये यासाठी सामूहिक विचारांती घातलेली मर्यादा आहे. दुसरा स्तर कॉन्झर्वेटिव्ह मंडळ्यांचा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुख्य परिषदांमधून बाहेर पडलेल्या या मंडळ्या मोटार, वीज व संडे स्कूल मान्य करतात. मात्र साधी वेशभूषा, स्त्रियांचे शिरोवस्त्र आणि दूरचित्रवाणीवरील बंदी कायम ठेवतात. तिसरा स्तर आधुनिक मंडळ्यांचा. त्यांचे सभासद बाह्यतः इतर नागरिकांहून वेगळे ओळखू येत नाहीत. फिलाडेल्फियातील ॲना आलेबाख यांना १९११ मध्ये आणि इलिनॉयमधील एमा रिचर्ड्स यांना १९७३ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली.

व्यक्तिस्वातंत्र्याची किंमत कोणती, हे दुसऱ्या महायुद्धात स्पष्ट झाले. सैन्यभरतीस बोलावल्या गेलेल्या अमेरिकी मेनोनाइट तरुणांपैकी निम्म्याहून कमी तरुणांनी पर्यायी नागरी सेवा पत्करली. सुमारे ४० टक्के तरुण नियमित सैन्यात गेले. शस्त्रत्यागाचे कलम कागदावर तसेच होते. परंतु शिस्त शिथिल असलेल्या मंडळ्यांत त्याचे पालन कमी झाले. दुसरीकडे, १९२० मध्ये स्थापन झालेल्या मेनोनाइट सेंट्रल कमिटीद्वारा दुष्काळनिवारण व शांतताकार्य जगभर नेण्याचे श्रेयही प्रामुख्याने जगाकडे तोंड केलेल्या मंडळ्यांनाच द्यावे लागते. परंपरानिष्ठांनी समूह टिकविला, आधुनिकांनी सेवेचे क्षेत्र विस्तारले. दोघांनीही काही गमावले.

धमतरी व चांपा :

१८९६–९७ च्या दुष्काळात मदत घेऊन जॉर्ज लॅम्बर्ट भारतात आले आणि त्यातून १८९९ मध्ये धमतरी येथे अमेरिकन मेनोनाइट मिशनचे कार्य सुरू झाले. त्या वेळी धमतरी हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. आज ते छत्तीसगडमध्ये आहे. लगोलग आलेल्या दुष्काळामुळे अनाथालय हेच मिशनचे पहिले मोठे कार्य ठरले. त्याच सुमारास पी. ए. पेनर आदींनी चांपा परिसरात जनरल कॉन्फरन्स या तुलनेने उदार शाखेचे कार्य आरंभिले. तेथील कुष्ठरुग्णसेवा सुप्रसिद्ध आहे.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. परदेशी मिशन हीच मुळात आधुनिकांची चळवळ होती. ओल्ड ऑर्डर मंडळ्यांनी ती नाकारली होती. त्यामुळे भारतास मेनोनाइट परंपरेची केवळ एक बाजू परिचित झाली. शिवाय अमेरिकेत पृथकतेची जी चिन्हे होती, त्यांचा अर्थ येथे बदलला. डोक्यावर पदर घेणे ही छत्तीसगडमध्ये सर्वच समाजांची रीत असल्यामुळे ते एखाद्या ख्रिस्ती पंथाचे वेगळेपण दर्शविणारे चिन्ह होणे शक्य नव्हते. धमतरी आणि चांपा येथील चर्चमधील भेद स्थानिक वादातून जन्मलेला नव्हता. तो आश्रयदात्या संस्थांबरोबर आलेला होता. तथापि अमेरिकेतील त्या दोन संस्था एकविसाव्या शतकाच्या आरंभी मेनोनाइट चर्च यूएसएमध्ये विलीन झाल्या, तेव्हा भारतातील चर्च मात्र स्वतंत्रच राहिले. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या मेनोनाइट ख्रिश्चन सर्व्हिस फेलोशिप ऑफ इंडिया या सेवासंस्थेने त्यांना सहकार्याचे व्यासपीठ दिले.

डहाणू ते नागपूर :

मेनोनाइटांशी वैचारिक नाते असलेला चर्च ऑफ द ब्रदरन हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीत स्थापन झाला. प्रौढ बाप्तिस्मा, शस्त्रत्याग व पाय धुण्याचा विधी या बाबतींत दोघांचे साम्य आहे. १८८१ ते १८८३ या काळात या पंथाचीही परंपरानिष्ठ, मध्यममार्गी आणि पुरोगामी अशी तीन शकले झाली. त्यांतील मध्यममार्गी शाखेने १८९४ मध्ये विल्बर स्टोव्हर, मेरी स्टोव्हर व बर्था रायन यांना भारतात पाठविले. बलसाडपासून सुरू झालेले हे कार्य गुजराती प्रदेशाबरोबरच तत्कालीन ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू परिसरात मराठी भाषिकांमध्येही रुजले. अॅनाबॅप्टिस्ट विचाराचा महाराष्ट्राशी आलेला हा निकटचा संबंध होय.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकत्रीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत ब्रदरन चर्चही होते आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचा वारसा सांगणारे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होते. नव्या चर्चने अर्भकाचा व प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे ग्राह्य मानले. ज्या प्रश्नावरून १५२७ मध्ये मान्झला जलसमाधी देण्यात आली, तो प्रश्न नागपुरात परस्पर मान्यतेने सोडविण्यात आला. आधुनिक भूमिकेचे हे मोठे यश मानले पाहिजे.

परंतु पृथकतेचा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. गुजरातमधील काही ब्रदरन सभासदांनी विलीनीकरण अमान्य करून आपली जुनी संस्था कायम असल्याचा दावा केला. दीर्घकाळ चाललेल्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. केवळ एकत्रीकरणाचा ठराव संमत केल्याने नोंदणीकृत संस्थेचे विसर्जन होत नाही व विश्वस्त संपत्तीचे हस्तांतरणही होत नाही. त्यासाठी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांतील कार्यपद्धती पाळावी लागते, असे त्यात स्पष्ट झाले. राज्यसत्तेपासून अलिप्त राहण्याच्या निर्धारातून जन्मलेल्या परंपरेला आपली सीमा अखेर न्यायालयाकडून आखून घ्यावी लागली.

निष्कर्ष :

१. आधुनिक व परंपरानिष्ठ हे दोन्ही प्रवाह १५२५ च्या वारशावरच हक्क सांगतात. एक त्यातील स्वेच्छेवर भर देतो, दुसरा शिस्तीवर.

२. हा वाद संपलेला नाही. लँकेस्टर परिषदेने २०१५ मध्ये मेनोनाइट चर्च यूएसएमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये या चर्चने पाळकांना समलिंगी विवाहविधी करण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली.

३. आज मेनोनाइट व तत्सम मंडळ्यांच्या बहुसंख्य सभासदांचे वास्तव्य आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेत आहे. १९९७ मध्ये मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्सचे अधिवेशन कोलकाता येथे भरले, ही घटना या बदलाची निदर्शक होय. म्हणून युरोप-अमेरिकेतील निकष धमतरी वा डहाणूस जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल.

४. लहान समाजाने ऐक्य स्वीकारताना आपली ओळख कोणत्या मार्गाने जपावी, या प्रश्नाचे उत्तर केवळ ठरावाने मिळत नाही. ऐक्यापूर्वी प्रत्येक मंडळीची संमती घेण्यास जेवढा काळ द्यावा लागतो, तेवढा न दिल्यास तो पुढे न्यायालयात द्यावा लागतो, हे ब्रदरन चर्चच्या इतिहासाचे तात्पर्य आहे.