सायबाची खुर्ची

निवृत्त झाल्यावर माणसाला काही ना काही लागतेच. कुणाला ब्लडप्रेशर लागते, कुणाला सत्संग लागतो. मला व्हिक्टोरियन फर्निचर लागले.

त्याचे असे झाले. एका स्नेह्यांकडे चहाला गेलो होतो. कप ज्या गोल टेबलावर ठेवला ते टेबल व्हिक्टोरियन आहे असे त्यांनी सांगितले आणि पाठोपाठ किंमतही सांगितली. मी कप उचलून हातात धरला तो चहा संपेपर्यंत. मग ते म्हणाले, "मोजून बघा. हे आता गोल राहिलेलं नाही." खरोखरच टेबल एका बाजूने बोटभर कमी भरले! लाकूड रेषांच्या लांबीत आटत नाही, रुंदीत आटते. म्हणून शंभर-दीडशे वर्षांचे गोल टेबल किंचित लंबगोल होते. माझ्यासारख्या कारकुनी करून रिटायर झालेल्या माणसाला हे फार पटले. आपणही रुंदीत नाही तरी कशात ना कशात आटलेले असतोच.

घरी आलो तो झपाटून. पुस्तके आणली, भिंग आणले. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. या त्रेसष्ट वर्षांत विलायतेत फर्निचर इतके निघाले, की साधा मास्तर-कारकूनसुद्धा दिवाणखाना सजवू लागला. यंत्रांनी लाकूड कापायला सुरुवात केली होती, गाद्यांत स्प्रिंगा आल्या होत्या, आणि मोकळी जागा दिसली की तिथे नक्षी कोरायची असा त्या काळचा रिवाज होता. आपली मुंबईही मागे नव्हती. इथल्या कारागिरांनी शिसवी लाकडावर कोरलेले फर्निचर १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जाऊन आले होते. फरक एवढाच, की विलायतेत खुर्चीच्या पोटात घोड्याचे केस भरत. आपल्या उन्हाळ्यात त्यावर बसणारा साहेब उकडून निघाला असता. म्हणून इथे वेताची बैठक आली.

या शास्त्राचा पहिला नियम असा, की फर्निचरची ओळख तोंडावरून होत नाही, बुडावरून होते. खुर्ची उलटी करायची. आतल्या बाजूला सरळ रेघा दिसल्या तर लाकूड हातकरवतीने कापलेले. कमानीसारख्या वाकड्या रेघा दिसल्या तर यंत्राच्या गोल करवतीने. टेबलाचा खण ओढून कोपरा पाहायचा. पारव्याच्या शेपटीसारखे खाचे लहानमोठे असतील तर ते माणसाच्या हातचे. सगळे एकसारखे असतील तर यंत्राचे. इस्क्रू बोथट टोकाचा असेल तर तो जुना, कारण टोकदार इस्क्रू १८५० च्या आसपास सर्रास निघू लागले. पायांना चिनीमातीची चाके असतील तर आनंद मानायचा. आणि किड्याची भोके पाहायची. भोक सरळ आत जाते. पण वरच्या पृष्ठभागावर किड्याचे आख्खे बोगदे उघडे पडलेले दिसले तर समजावे, की कुणीतरी जुनी फळी नव्याने कापून आपल्याला गंडवतो आहे.

हे वाचल्यापासून मी ज्या घरी जाई तिथल्या खुर्च्या उलट्या करू लागलो. एका साखरपुड्यात मुलीच्या मामांची खुर्ची ते उठताच मी उलटी केली. तेव्हापासून ते घर आम्हाला बोलावीत नाही. "घरात एक जुनं आहे तेवढं पुरे," असे म्हणून हिने भिंग कुलपात ठेवले.

पण तेवढ्यात मला आठवली आमच्या गावची खुर्ची!

आमचे गाव माणमधले, म्हसवडजवळचे. ओसरीवर एक हातांची खुर्ची होती आणि तिला सगळे 'सायबाची खुर्ची' म्हणत. तिच्यावर बसायचे नाही, असे आम्हा पोरांना बजावलेले असे. मी एकदा बसलो तेव्हा थोरल्या आत्याने पाठीत धपाटा घातला होता. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाची यात्रा असते. ते निमित्त साधून मी भिंगासकट एस.टी.त बसलो. मनातल्या मनात खुर्ची हॉलमध्ये कुठे ठेवायची ती जागासुद्धा ठरवली.

खुर्ची होती तिथेच होती. वर पायलीभर बाजरी ठेवलेली. मी पायली खाली ठेवली, खुर्ची उलटी केली आणि अंगणातच उकिडवा बसलो. पुढचे दोन पाय कातीव, खाली चिनीमातीची चाके! हातांना लाकूड सागवानी, इस्क्रू टोकदार, पण खाच किंचित एका बाजूला सरकलेली. मी ओरडलोच, "आबा, अस्सल आहे! अठराशे सत्तरच्या पुढची!"

चुलतभाऊ आबा शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणाला, "अण्णा, मागचं पाय बघा की."

मागचे दोन्ही पाय बाभळीचे होते. गावच्या सुताराने तासलेले, चाके नसलेले, पुढच्यांपेक्षा बोटभर उंच. वेताची बैठक कधीच गेली होती; तिच्या जागी बाजेसारखी सुतळी विणलेली. फोटो काढून पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवला. त्याचा उलट निरोप आला: "निम्मी साहेबाची, निम्मी माणची. भाव येणार नाही." या धंद्यात बदललेला पाय म्हणजे माणसाच्या पत्रिकेतला मंगळ.

मी हिरमुसून बसलो. आतून आत्या काठी टेकत आल्या. वय नव्वद, ऐकू कमी येते, दिसते मात्र सगळे.

"बाळ्या, पायली खाली कुनी ठिवली?"

मी गुन्हा कबूल केला आणि विचारले, "आत्या, ही खुर्ची आली कुठून?"

"माज्या आज्ज्यानं आणली. तळ्यावरनं."

तळे म्हणजे राजेवाडीचा तलाव. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात जी कामे निघाली त्यांतून तो उभा राहिला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, ते याच दुष्काळात. आणि त्याच साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसभराच्या राबणुकीचे एक पौंड धान्य आणि वर एक आणा, असा हिशेब बसवला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. हे सगळे मी पुस्तकांत वाचले होते. आमच्या ओसरीवर त्यातले काही असेल हे मात्र एकाही पुस्तकात नव्हते.

"आज्जा तवा धा-बारा वर्साचा," आत्या सांगू लागल्या. "आयसंगं मातीच्या बुट्ट्या टाकायचा. सांजंला ह्या खुर्चीवर सायब बसायचा आन् म्होरं हजेरीची रांग. उनात उबं ऱ्हायाचं. येक दिस आज्ज्याची आय त्या रांगंतच खाली बसली. बसली म्हून तिची हजेरी कापली. पुढं काम सरलं, सायब गेला, खुर्ची मोडकी झाली. आज्जा मोटा झाल्यावर दोन मेंढरं दिऊन त्यानं ती इकत घेतली. पाय घातलं, सुतळी इनली."

"मग बसायचे नाहीत का त्यावर?"

"न्हाई. म्हनायचा, हिच्याम्होरं माजी आय उबी ऱ्हायली. आता हिच्यावर बाजरी बसंल."

तेव्हापासून घरात धान्य आले की पहिली पायली त्या खुर्चीवर. १९७२ च्या दुष्काळात पायली रिकामी होती, पण ठेवलेली होती.

मी भिंग खिशात घातले. खुर्ची सरळ केली, पायली पुन्हा वर ठेवली. चार दाणे सांडले होते, तेही वेचून टाकले. आत्यांनी बारीक नजरेने सगळे दाणे मोजल्यासारखे पाहिले आणि आत गेल्या.

पुण्याला रिकाम्या हाताने परतलो. हॉलमध्ये ठरवलेल्या जागी हिने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेली वस्तू पुरातन ठरू शकते. ही त्या दिवसापर्यंत टिकेल, याबद्दल मला शंका नाही. तिला किडा लागत नाही. तिच्यावर पाहुणे खुशाल बसतात. मात्र ते उठले की माझा हात आपोआप खुर्चीच्या बुडाकडे जातो आणि हिचा माझ्या मनगटाकडे.