वेशीवरचा पहारा

१९९५ साली नेटस्केप ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आली आणि पाठोपाठ पहाराही बसला: एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर वाचायचा नाही. नाहीतर आपले बँकेचे खाते उघडे असताना शेजारचे पान त्यात डोकावले असते! पण त्याने रास्त कामेही अडू लागली. जानेवारी २०१४ मध्ये 'कॉर्स' ही प्रमाण पद्धत ठरली. परवानगी मागणाऱ्याने नव्हे, माहिती देणाऱ्या सर्व्हरने द्यायची. मात्र पत्ता अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

२०२४ साली आमच्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यापायी एखाद्या संस्थेने संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तर सर्व्हरच्या यादीतही नवा पत्ता लिहावा लागतो. कंटाळून तिथे चांदणीचे चिन्ह टाकले, की वेस सगळ्यांनाच मोकळी. पाटी बदलली की यादी बदलावी. वेस पाडू नये.