ऑगस्टीनच्या घरी जेवण

८ मे २०२५ रोजी संध्याकाळी सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि रॉबर्ट प्रिव्होस्ट हे पोप चौदावे लिओ झाले. सज्जातून बोलताना त्यांनी स्वतःची ओळख संत ऑगस्टीनचा पुत्र अशी करून दिली. आपल्याकडे एखादा स्वतःला चिश्ती किंवा कादरी म्हणवतो, तशीच ही ओळख. सिलसिला म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

१२४४ साली इटलीतल्या एकांतवासी साधूंना एकत्र आणून ऑगस्टीनियन संघ उभा राहिला. त्यातला कुणी आजवर पोप झाला नव्हता. संघाचे मुख्यालय सेंट पीटर चौकाला लागूनच आहे. २००१ ते २०१३ अशी बारा वर्षे लिओ या संघाचे प्रमुख होते. निवडीला आठवडा व्हायच्या आत, १३ मे रोजी, ते तिथे गेले, धर्मबंधूंसोबत मिस्सा अर्पण केली आणि त्यांच्यासोबतच जेवले. पोप झालेला आपला भाऊ घरी जेवायला आला, एवढेच ते स्वागत.

पण हा ऑगस्टीन कुठला? ३५४ साली तो जन्मला ते गाव आज अल्जीरियातले सूक अहरास आहे. जिथे तो बिशप होता ते हिप्पो म्हणजे आजचे अन्नाबा. तिथल्या टेकडीवरचे त्याच्या नावाचे चर्च ऑगस्टीनियन सांभाळतात, आणि ते पाहायला येणारे बहुतेक लोक मुसलमानच असतात.

म्हणूनच या घराच्या आनंदात एक जखमही आहे. २३ ऑक्टोबर १९९४, रविवार. अल्जीयर्सच्या बाब अल-उएद भागात मिस्सेला निघालेल्या एस्तेर पानियाग्वा आणि कारिदाद आल्वारेझ या दोन स्पॅनिश ऑगस्टीनियन धर्मभगिनींना गोळ्या घालण्यात आल्या. देश सोडायचा की राहायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्या विचार करून राहिल्या होत्या.

मारणारे आपल्या दीनचे नाव घेत होते. ‘ते खरे मुसलमानच नव्हते’ असे म्हणून हात झटकणे मला जमत नाही. त्या दशकात त्याच माणसांनी हजारो मुसलमान मारले, त्यांची बाजू घ्यायला नकार देणारे इमामही मारले, हेही तितकेच खरे. आपल्या मशिदींतून त्या इमामांची आठवण कुणी काढल्याचे मी ऐकलेले नाही.

२०१८ च्या डिसेंबरात ओरान शहरात या दोघींसह एकोणीस जणांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्यांचा स्मृतिदिन ८ मे, म्हणजे लिओ निवडून आले तीच तारीख. त्या एकोणीस जणांतले एक ओरानचे बिशप पिएर क्लाव्हेरी. १ ऑगस्ट १९९६ च्या बॉम्बस्फोटात त्यांच्यासोबत त्यांचा तरुण ड्रायव्हरही गेला. मोहम्मद बुशिखी त्याचे नाव. मुसलमान असल्याने तो त्या यादीत नाही. ते नाव आपण लक्षात ठेवायचे आहे.