नावेचं नाव

मराठीत एक गंमत आहे. 'ती नाव' म्हणजे होडी आणि 'ते नाव' म्हणजे आपलं नाव. लिहिताना दोन्ही सारखीच. शिरूरला घोडनदी, दौंडला भीमा. समुद्र काही आमच्या अंगणात नाही. पण अक्षरांच्या नादानं मी या दोन्ही नावांच्या मागे बरीच वर्षं हिंडलो.

दौंडला माझे एक मामू पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फळी, असली कामं. सोनेरी अक्षरांचं काम आलं की मात्र घाई नाही. आधी खडूच्या दोऱ्यानं दोन रेघा मारायच्या, मग अक्षरं आखायची, त्यावर हळू वाळणारं वार्निश. ते बोटाच्या पेरानं चाचपायचं. चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला येता कामा नये. मग सोन्याचा वर्ख टाकून कापसानं दाबायचा आणि शेवटी काळ्या रंगाची बारीक कड. गिऱ्हाइकाचा खिसा हलका असेल तर वार्निशमध्ये सोनेरी पावडर. ती पितळेची, पावसाळ्यांनी काळवंडणारी. पोथ्यांच्या जगात या सोनेरी कामाला 'तजहीब' म्हणतात. अरबीत 'जहब' म्हणजे सोनं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अब्दुल कादिर हिसारी या तुर्की सुलेखनकाराचं शाई आणि सोन्यात काढलेलं एक गलबत आहे, हिजरी ११८० म्हणजे इ.स. १७६६-६७ चं. त्याचा सांगाडा अक्षरांचाच आहे. गुहेत झोपी गेलेल्या सात साथीदारांची नावं आणि सोबत त्यांच्या कुत्र्याचं, कितमीरचं. ही नावं संकटातून तारतात अशी श्रद्धा. इथे नावेवर नाव नाही, नावांचीच नाव आहे!

इंग्रजांनी यात कायदा आणला. १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार बोटीच्या पुढच्या दोन्ही अंगांना नाव आणि पाठीमागे नावासोबत बंदर लिहावं लागे. गडद रंगावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं, फिक्यावर काळी. लांबी चार इंचांहून कमी नको. कायद्याला नाव हवं ते बोटीचं आणि बंदराचं. घडवणाऱ्या सुताराचं नव्हे.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली सागवानी 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरच्या छावणीतून कंपनीची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. ती लढाई आमच्याकडे सर्वांना ठाऊक. जहाज कुणाला ठाऊक नाही. १८९७ साली ते विकलं गेलं. नव्या मालकाचं 'फूद्रोयां' नावाचं जहाज फुटलं होतं, त्याचंच नाव त्यानं याला दिलं. जवळजवळ शंभर वर्षं मुंबईचं सागवान दुसऱ्याच्या नावानं जगलं. १९९२ मध्ये जुनं नाव परत मिळालं. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे.

असं नाव बदलणं आम्हालाही परकं नाही. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली तेव्हा साहेबाच्या इंग्रजीत दौंडचं 'धोंड' झालं आणि कित्येक दशकं तसंच राहिलं. शिरूरचं 'सिरूर'. धोंड म्हणजे मोठा दगड. तो गळ्यात बांधल्यावर नाव कुठली तरायची?

१९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे दौंड तालुक्यापर्यंत पसरलं. भिगवण-कुंभारगावच्या काठावर आता मासेमारीच्या होड्या आहेत, रोहित पक्षी दाखवायला नेणाऱ्याही आहेत. कुठे आईचं नाव, कुठे लेकीचं, कुठे ग्रामदैवताचं. सगळी देवनागरीत, ऑइलपेंटमध्ये, पिवळ्याला लाल सावली देऊन. वर्ख कुठला परवडायला! एका होडीवर मात्र नावाखाली कोपऱ्यात पेंटरची बारीक सही दिसली. मोबाइल नंबरासकट.