गांजाची केस : दंड भरला तरी मागे काय राहतं?

‘दहा हजार भरले, विषय संपला’ असं आपल्याकडं सहज बोलतात. तो तिथं संपत नाही.

1985 च्या एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात. शिक्षा एक वर्षापर्यंत सश्रम कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून पोरगं गुन्हा कबूल करून मोकळं होतं. पण कबुलीनंतर झालेला दंड हीसुद्धा शिक्षाच, आणि नोकरीच्या फॉर्मवर ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ हा रकाना असतोच. सरकारी नोकरीत लपवलं तर लपवणंच अंगाशी येतं. खरं सांगितलं तरी घ्यायचं की नाही हे खातं ठरवू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात म्हटलंय. गल्फला जायचं तर पोलिसांचा दाखला मागितला जाऊ शकतो. केस चालू असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी. नुसता दंड झाला तरी आमदारकी-खासदारकीची निवडणूक सहा वर्षं बंद (हे फारसं कुणाला माहीत नसतं).

म्हणून कलम कुठलं लागलंय ते वकिलाला आधी विचारा. 18 वर्षांवरच्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सवलत कलम 27, म्हणजे सेवनाला मिळू शकते. गांजा बाळगल्याच्या कलम 20 ला नाही.

व्यसन असलेला स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम 64-अ खाली खटल्यातून सूट आहे. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते.